कोकणात पाषाणी अशनी कसा ओळखावा

कोकणात काळा, जड आणि चुंबकाला चिकटणारा दगड सापडला की तो आकाशातून पडला असं म्हणायची घाई होते. खरं तर या पट्ट्यात चुंबक हा सगळ्यात कच्चा साक्षीदार आहे. जांभ्यात लोह आहे, काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज आहे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइटचेही कण आहेत, रेडीला तर लोहखनिजाच्या खाणीच आहेत. इथे चुंबक कशालाही चिकटतो. निकाल लागतो तो दोन गोष्टींवर: दगडाची घनता किती, आणि कोपरा तासल्यावर आत काय दिसतं. बाकीच्या चाचण्या या दोन टप्प्यांपर्यंत पोचायच्या आधी चुकीचे दगड बाजूला काढायला.

आधी आत काय असतं ते

पडताना पाहिलेल्या अशनींपैकी, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांपैकी, शेकडा नव्वदहून जास्त पाषाणी असतात आणि त्यातले बहुतेक साधे कॉन्ड्राइट, म्हणजे आत बारीक गोल गोळ्या असलेले दगड. म्हणून शोधताना डोळ्यांसमोर साधा कॉन्ड्राइटच ठेवावा. पूर्ण लोखंडी गोळा मिळण्याची शक्यता फार कमी, आणि मंगळावरून आलेला दगड मिळेल ही आशा तर सोडूनच द्यावी. (बिहारमध्ये शेरघाटीला 25 ऑगस्ट 1865 रोजी तसा एक पडला खरा.)

19 डिसेंबर 1798 च्या संध्याकाळी बनारसजवळ क्राखुटला दगड पडले. त्यातला एक लंडनला एडवर्ड हॉवर्ड या रसायनतज्ज्ञाकडे पोचला. त्याने आणि द बूर्नाँ या खनिजतज्ज्ञाने तो दगड फोडून चार भाग वेगळे केले: बारीक गोल गोळ्या, लोखंडाचे कण, पिवळसर गंधकी खनिज आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा मातकट भाग. लोखंडाच्या कणांत निकेल निघालं. 1802 साली हे छापून आलं, आणि आकाशातून दगड पडतात यावर विश्वास ठेवायला विद्वानांना भाग पडू लागलं. भिंगाखाली आजही हेच चार भाग शोधायचे असतात.

गोल गोळ्या म्हणजे कॉन्ड्रूल. साधारण 0.3 ते 1 मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान. ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन या मॅग्नेशियमयुक्त खनिजांचे हे थेंब अवकाशात वितळून थिजले, सुमारे 456 कोटी वर्षांपूर्वी. लोखंडाचे कण म्हणजे लोह-निकेलचा मिश्रधातू. पिवळसर खनिज म्हणजे ट्रॉयलाइट, लोह आणि गंधक यांचं संयुग. धातू किती त्यावरून तीन गट पडतात. एच गटात वजनाने 15 ते 20 टक्के धातू, एल गटात 4 ते 10, एलएल गटात 1 ते 3. नागपूर जिल्ह्यात काटोलला 22 मे 2012 च्या भर दुपारी पडलेले दगड एल गटातले. गुजरातमधला धजाला, 28 जानेवारी 1976, एच गटातला.

कुठे शोधायचं, कुठे नाही

समुद्रकिनारा सोडा. लाटा रोज वाळू फिरवतात, आणि खाऱ्या पाण्यातला क्लोराइड धातूचे कण आतून गंजवून दगड फोडतो. पुळणीवर चुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी येते. ती वाळूतली इथलीच खनिजं. त्यांना उल्काधूळ समजून डबीत भरणारे पुष्कळ.

शोधायला उत्तम जागा सडा. राजापूर, देवगड, रत्नागिरीकडचे जांभ्याचे उघडे सडे फेब्रुवारी ते मे या काळात गवत वाळल्यावर किंवा कापल्यावर लांबवर दिसतात. पण जांभ्याच्या कातळावर जांभ्याचेच काळपट तुकडे विखुरलेले असतात, त्यामुळे आधी दोन-चार तास नुसतं तिथल्या दगडांकडे पाहावं. डोळ्याला इथला दगड कसा दिसतो ते एकदा कळलं की परका दगड आपोआप खुपतो. दोघातिघांनी दोन-अडीच मीटर अंतर ठेवून ओळीने चालावं, ऊन तिरकं असताना, म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. कातळशिल्पं असलेल्या सड्यावर काहीही उपटू, खरवडू नये आणि दगडांच्या रचना हलवू नयेत.

दुसरी जागा भाताची खाचरं, कापणीनंतर. तिसरी, आणि अग्निगोल (आकाशात जळत जाणारी मोठी तेजस्वी उल्का) नुकताच दिसला असेल तर सगळ्यात चांगली, म्हणजे माणसाने रोज झाडलेली जमीन: शेणाने सारवलेलं खळं, कलमांच्या बागेतली साफ केलेली आळी, पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर, पन्हळ, सोलर पॅनल. सारवलेल्या खळ्यात काल नव्हता तो काळा दगड आज असेल तर त्याला उत्तर हवंच. कौल फुटलं असेल तर आधी माकडं आणि नारळ यांचा हिशेब करा, मग आकाशाचा.

अग्निगोल दिसला तर

‘डोंगराच्या पलीकडेच पडला’ हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकू येतं आणि ते जवळजवळ नेहमी चूक असतं. मोठा अग्निगोल जमिनीपासून साधारण 20 ते 30 किलोमीटर उंचीवर विझतो. पुढे उरलेले दगड काही मिनिटं अंधारात खाली येतात, उजेड न पाडता. म्हणून तो कुठे विझला तिथली आकाशातली उंची मोजा. हात ताठ पुढे केला की बंद मूठ साधारण 10 अंशांची. क्षितिजापासून एक मूठ वर विझला असेल आणि विझण्याची उंची 25 किलोमीटर धरली, तर तो तुमच्यापासून सुमारे 140 किलोमीटरवर होता. पश्चिमेला असेल तर सरळ समुद्रात गेला, झोपायला जा. साडेचार मुठी वर विझला असेल तर अंतर 25 किलोमीटरच्या आसपास, मग शोध घेण्यात अर्थ आहे.

आवाजाकडे लक्ष द्या. आवाज मिनिटाला 20 किलोमीटर येतो. उजेड गेल्यावर दीड मिनिटाने गडगडाट आला तर अग्निगोल तुमच्यापासून 30 किलोमीटरवर होता. आवाज आलाच नाही तर दगड जवळ पडले असण्याची शक्यता कमी. ताबडतोब लिहून ठेवायच्या गोष्टी: नेमकी वेळ, उभं राहण्याची जागा, सुरू कुठे झाला आणि विझला कुठे, तेही घर, माड, मोबाइलचा टॉवर अशा न हलणाऱ्या खुणांच्या संदर्भाने. दुसऱ्या दिवशी होकायंत्राने दिशा मोजता येते. घराबाहेरचे सीसीटीव्ही कॅमेरे जुनं चित्रण काही दिवसांत पुसतात, ते आधी उतरवून घ्या.

वीस-तीस सेकंदांहून जास्त वेळ, सावकाश, तुकडे मागे सोडत गेलेला प्रकाश बहुधा रॉकेटचा किंवा उपग्रहाचा असतो. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या रात्री, महाराष्ट्रभर दिसला तो चिनी रॉकेटचा भाग होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला त्याचं मोठं धातूचं कडं पडलं. तसं काही सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

दगड विखुरतात ते लांबट पट्ट्यात. जड दगड प्रवासाच्या दिशेने पुढे, हलके मागे. वरच्या हवेतला वारा हलक्या दगडांना आणखी बाजूला नेतो. एक दगड मिळाला की त्याचं वजन आणि जागा नकाशावर मांडा, दुसरा मिळाला की दिशा कळू लागते. लहान दगड ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगाने पडतो. खड्डा पडतो तो जेमतेम त्याच्या आकाराचा, आणि गवत पेटत नाही. जळलेली जमीन दिसली तर तो वणवा किंवा राब.

चाचण्या, याच क्रमाने

सामान थोडं: 10 पट भिंग, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, शिवणाचा दोरा, फ्रिजवरचा साधा चुंबक, बाथरूमच्या टाइलचा तुकडा, 120 आणि 400 नंबरचा पॉलिशपेपर.

एक सूचना आधी. दगड ताजा पडलेला असेल, म्हणजे साल काळीकुळकुळीत आणि पडल्याला साक्षीदार, तर चुंबक लावू नका आणि पाण्यात बुडवू नका. चुंबकाने दगडातली मूळची चुंबकीय नोंद पुसली जाते, पाण्याने गंज सुरू होतो. अशा दगडाला फक्त पाहायचं, फोटो काढायचे आणि गुंडाळायचं. पुढच्या चाचण्या सड्यावर बरेच पावसाळे खाल्लेल्या दगडासाठी.

*साल.* वातावरणात वरचा थर वितळून एक मिलिमीटरहून पातळ साल बनते. ताजी असताना मंद काळी, एक-दोन पावसाळ्यांनंतर तांबूस तपकिरी. कडा गोलावलेल्या, अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे कधी असतात कधी नसतात. तुटल्या जागी सालीच्या आतला भाग वेगळ्या रंगाचा दिसलाच पाहिजे. बाहेर आणि आत एकच रंग असेल तर बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. सालीत किंवा आत बुडबुड्यांची भोकं असतील तर तो दगड सोडून द्या. पांढऱ्या गारगोटीच्या शिरा किंवा झिओलाइटने भरलेले कप्पे असतील तर तो आपला सह्याद्रीचाच काळा दगड.

*टाइल.* टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड जोरात घासा. कॉन्ड्राइट रेघ उठवत नाही किंवा फिकट राखाडी उठवतो. लाल-तपकिरी रेघ आली तर हेमॅटाइट हे लोहखनिज किंवा जांभा, पिवळट आली तर गोथाइट हे दुसरं लोहखनिज, गडद काळी आली तर मॅग्नेटाइट. गंजलेला अशनी सालीवर किंचित तपकिरी उठवू शकतो, म्हणून ताज्या तुटलेल्या जागेने घासा.

*चुंबक.* चुंबक दोऱ्याला टांगून दगड हळूच जवळ आणा. ओढ किती आहे ते दिसतं. साध्या कॉन्ड्राइटकडे चुंबक स्पष्ट झुकतो. पण ‘झुकला’ याचा अर्थ फक्त ‘पुढच्या चाचणीला पात्र’ एवढाच. राबाच्या किंवा वणव्याच्या जागेतला जांभा विशेष फसवतो. पालापाचोळ्याबरोबर भाजल्यावर त्यातल्या गोथाइटचं मॅग्हेमाइट हे चुंबकीय खनिज होतं आणि कालपर्यंत चुंबकाला दाद न देणारा खडा चटकन चिकटतो.

*घनता.* ही चाचणी घरी नीट करता येते आणि इथल्या निम्म्याहून अधिक दगडांचा फैसला हीच करते. कोरड्या दगडाचं वजन करा. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही, असा धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. वजनाला त्याने भागा. समजा दगड 186 ग्रॅमचा आणि पाण्यात आकडा आला 54. घनता 3.44, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. आकडा 64 आला असता तर घनता 2.9, म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा दगड.

साधे कॉन्ड्राइट साधारण 3.2 ते 3.6 मध्ये बसतात. ताजा बेसॉल्ट 2.8 ते 3, जांभा त्याहूनही हलका, क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिज साडेचारच्या आसपास, हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट 5 च्या. ‘हातात घेतल्यावर फारच जड लागला’ हे वर्णन म्हणूनच लोहखनिजाकडे बोट दाखवतं, पाषाणी अशनीकडे नाही.

चुका इथे होतात: दोरी जाड घेतली की तिचं आकारमान मोजलं जातं. सच्छिद्र दगडात पाणी शिरत राहिलं की काट्याचा आकडा खाली सरकत राहतो. तो स्थिर होत नसेल तर दगड जांभा किंवा राखेचा खडा असण्याची शक्यता मोठी. आणि 1 ग्रॅमच्या काट्यावर 30 ग्रॅमचा दगड मोजू नका. आकारमान 9 की 10 एवढ्या फरकानेच घनता 3.3 वरून 3 वर येते. लहान दगडाला 0.1 ग्रॅमचा काटा हवा.

*तासलेला कोपरा.* दगडाचा एक कोपरा 120 च्या पॉलिशपेपरवर कोरडाच घासा, नखाएवढी सपाट जागा होईपर्यंत, मग 400 वर. पाणी घालू नका, हातोडा तर नकोच. धूळ फुंकून भिंगाने पाहा, उन्हात दगड फिरवत. कॉन्ड्राइटमध्ये राखाडी पार्श्वभूमीवर चांदीसारखे पांढरे, वेड्यावाकड्या आकाराचे धातूचे कण विखुरलेले दिसतात. मधूनमधून पितळी छटेचे ट्रॉयलाइटचे ठिपके, आणि नशीब असेल तर कॉन्ड्रूलची गोल कड. जुन्या दगडात प्रत्येक धातुकणाभोवती गंजाचं तपकिरी वलय असतं. चमक धातूची की खनिजाची हे ठरवायला शिवणाची सुई कणावर दाबून ओढा: धातू दबतो, त्यावर चकचकीत ओरखडा उठतो. फेल्डस्पार या खडकातल्या खनिजाची पापुद्री चमकते पण सुईखाली तुटते. चमक ठरावीक कोनातच लखलखून जात असेल तर तीही फेल्डस्पारची. धातूचा एकही कण दिसला नाही तर साध्या कॉन्ड्राइटचा दावा सोडा.

कॉन्ड्रूल दिसले नाहीत म्हणून मात्र नाउमेद होऊ नका. तापून पुन्हा स्फटिकलेल्या दगडात, म्हणजे काटोलसारख्या सहाव्या प्रतीच्या, ते पुसट होतात.

*निकेल.* कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत निकेल ओळखायचं डायमिथिलग्लायॉक्झिम असतं. दगडातून निघालेला धातूचा एक कण काचेवर घ्या, पातळ आम्लाचा थेंब टाका, मग अमोनिया, मग डायमिथिलग्लायॉक्झिमच्या द्रावणाचा थेंब. गुलाबी-लाल रंग आला तर निकेल. लोह जास्त असेल तर तपकिरी गाळ येऊन रंग झाकतो, म्हणून थेंब टिपकागदावर घेऊन कडेचा रंग पाहा. खिडकी उघडी ठेवा, अमोनियाने डोळे चुरचुरतात. स्टेनलेस स्टीलही हीच खूण देतं, त्यामुळे हा पुरावा आधीच्या सगळ्या चाचण्यांसोबतच धरायचा.

इथले तोतये

गाठीसारखा, तांबडट, भोकं असलेला जांभा ओळखू येतो. फसवतो तो त्याच्या वरच्या लोहयुक्त कवचाचा चकचकीत काळा तुकडा. टाइलवर घासला की लाल रेघ देतो. डाइकमधला (खडकाच्या भेगेत थिजलेल्या भिंतीसारख्या पट्ट्यातला) डोलेराइट हा काळा दगड कांद्यासारखा थराथरांनी झिजून गोल गोळे तयार होतात, त्यांची ‘साल’ बोटभर जाड आणि सुटणारी असते. लोहाराच्या भट्टीचा कीट काळा, काचेसारखा, पण आत बुडबुडे. जुन्या बंदरांच्या आसपास कोळशाची जळकी खंगरं मिळतात, तीही भोकांची आणि हलकी. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे डांबरगोळे नखाने दबतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. पूर्ण गोल, गंजलेला, पापुद्रे सुटणारा लोखंडी गोळा जलदुर्गाजवळ मिळाला तर तो तोफगोळा असू शकतो. त्याला जागेवरच ठेवून पुरातत्त्व विभागाला कळवावं.

एक प्रामाणिक अपवाद. काही पाषाणी अशनींत धातू जवळजवळ नसतोच. 17 ऑगस्ट 2022 ला गुजरातमध्ये दियोदरला पडलेला ऑब्राइट जातीचा दगड फिकट रंगाचा, आणि 6 जून 2017 ला जयपूरजवळ मुकुंदपुराला पडलेला कार्बनी कॉन्ड्राइट ठिसूळ आणि वरच्या घनतेच्या पट्ट्याहून हलका. असे दगड पडताना पाहिले म्हणूनच मिळाले. सड्यावर ते कोणी शोधून काढेल असं वाटत नाही.

ठेवणं आणि पाठवणं

दगड उचलण्यापूर्वी जागेवरच फोटो: एक लांबून, एक जवळून, शेजारी 10 रुपयांचं नाणं ठेवून (त्याचा व्यास 27 मिलिमीटर). मोबाइलवरून अक्षांश-रेखांश लिहून घ्या. उघड्या हाताने न उचलता स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, मग झिपच्या पिशवीत, मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत उघडा ठेवलेला दगड एका पावसाळ्यात गंजाचे डाग धरतो. पुड्यांचा रंग बदलला की बदला. दगडाला तेल, शेंदूर, हळदकुंकू लावू नये. भक्ती असेल तर जागेची पूजा करावी, नमुन्याची नको, कारण तेलातला कार्बन पुढच्या तपासणीत दगडाचाच समजला जाऊ शकतो.

दगडापासून किरणोत्साराचा धोका नाही, पण अवकाशात विश्वकिरणांनी तयार झालेली अल्पायुषी मूलद्रव्यं त्यात असतात आणि ती मोजण्यासाठी वेळ गाठावी लागते. सोडियम-24 पंधरा तासांत निम्मं होतं, व्हॅनेडियम-48 सोळा दिवसांत, बेरिलियम-7 त्रेपन्न दिवसांत. ताजा दगड आठवडाभर गावात मिरवला तर ही माहिती परत मिळत नाही. तहसीलदारांना आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला त्याच दिवशी कळवा. देशातल्या अशनींचा सरकारी संग्रह कोलकात्याला याच संस्थेकडे आहे. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळाही अशनींचा अभ्यास करते.

सोनाराकडच्या कॅरट मशीनवर दगड ठेवू नका. ते दागिन्यांच्या धातूंसाठी लावलेलं असतं, मॅग्नेशियम-सिलिकॉन त्याच्या हिशेबातच नसतं आणि जे दिसेल त्याचे शंभर टक्के करून छापतं. त्यातून भलभलते मौल्यवान धातू ‘सापडतात’. विद्यापीठात खडकांसाठीच्या यंत्रावर केलेलं पृथक्करण असेल तर तीन आकडे पाहा. एल कॉन्ड्राइटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे 25 टक्के, अॅल्युमिनियम ऑक्साइड सव्वादोन, निकेल सव्वा टक्क्याच्या आसपास. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड पाच-सहा, अॅल्युमिनियम ऑक्साइड तेरा-चौदा, निकेल टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर, मॅग्नेशियम पावसाने धुऊन नेलेलं.

प्रयोगशाळेत दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप काढून ध्रुवित प्रकाशात पाहतात आणि ऑलिव्हीनमधलं लोहाचं प्रमाण मोजून गट ठरवतात. मान्यताप्राप्त नाव मिळण्यासाठी दगडाचा किमान 20 टक्के भाग किंवा 20 ग्रॅम, यातलं जे कमी असेल तेवढं, संस्थेच्या संग्रहात द्यावं लागतं. म्हणजे 60 ग्रॅमच्या दगडातून 12 ग्रॅम. पाठवताना फॉइलमधला तुकडा कडक डब्यात फोम भरून घट्ट बसवा, सोबत जागा, तारीख, वजन आणि तुम्ही केलेल्या चाचण्या लिहून द्या. चुंबक लावला असेल तर तेही लिहा.